जुन्या मारुती ८०० चा इनटेक मॅनिफोल्ड घरी कसा काढायचा आणि बसवायचा

आमच्या वडिलांची १९९६ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, एमएच-१५ म्हणजे नाशिक पासिंगची. दोन वर्षं तिने एकच खोड धरली होती. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलं की रेस आपोआप वरखाली व्हायची, दोन गचके द्यायची आणि बंद पडायची. हीच गाडी कसारा घाट मात्र बिनतक्रार चढायची. एका गॅरेजमध्ये तीन वेळा कार्बोरेटर उघडून साफ झाला, एकदा नवा किट पडला, प्लग आणि प्लगच्या वायरी बदलल्या. दरम्यान रेडिएटरमधलं पाणीही कमी होत होतं, पण खाली जमिनीवर एक थेंब दिसत नव्हता. दोष कार्बोरेटरच्या खाली होता, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरकडे पोचवणाऱ्या भागात.

शेवटी ते काम मी स्वतः सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. आधी वाटलं होतं तेवढं ते अवघड नाही, पण अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या कुणी आधी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हा लेख ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या कार्बोरेटरवाल्या इंजिनासाठी आहे. तुमची गाडी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारी) असेल तर मॅनिफोल्डवर इंजेक्टर, फ्युएल रेल आणि सेन्सर असतात आणि पेट्रोलच्या लाइनमध्ये प्रेशर असतं. ते प्रेशर आधी उतरवावं लागतं. फेस (जोडाची सपाट बाजू) साफ करणं, सरळपणा तपासणं, नट आवळण्याचा क्रम हा भाग मात्र दोन्हीकडे सारखाच.

१. दोष मॅनिफोल्डचाच आहे ना, हे आधी ठरवा

इंजिन आयडलिंगला (अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) असतं तेव्हा थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डच्या आत जोरदार ओढ तयार होते. मॅनिफोल्ड आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) यांच्यामधल्या पॅकिंगला, म्हणजे गॅस्केटला, बारीकशी फट असली तरी त्या ओढीने बाहेरची हवा आत शिरते. कार्बोरेटरने त्या हवेसाठी पेट्रोल दिलेलंच नसतं, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि गाडी गचके खाते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल उघडतो, ओढ कमी होते आणि त्या फटीचा परिणामही जवळजवळ संपतो. सिग्नलला बंद पडणारी आमची गाडी घाटात का रडत नव्हती, याचं उत्तर हे. तुमच्याकडेही असंच होत असेल आणि चोक थोडा ओढल्यावर आयडलिंग सुधारत असेल, तर गाडी कुठूनतरी एअर घेत असण्याची शक्यता मोठी.

कुठून घेते ते शोधायला बरेच जण कार्बोरेटर क्लीनर फवारतात. गरम सायलेन्सर जवळ असताना मी तो प्रकार करणार नाही आणि तुम्हीही करू नका. साध्या फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी भरा, इंजिन आयडलिंगला ठेवा आणि मॅनिफोल्ड जिथे हेडला चिकटतो त्या रेषेवर थोडं थोडं मारा. डिस्ट्रिब्युटर आणि वायरींवर पाणी जाऊ देऊ नका. फट जिथे असेल तिथे पाणी क्षणभर ती बुजवतं आणि इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. माझ्याकडे तो तिसऱ्या पोर्टच्या (सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाच्या) खालच्या बाजूला बदलला.

हीच चाचणी सगळ्या रबरी नळ्यांवरही करा: डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी, ब्रेक बूस्टर असेल तर त्याची जाड नळी, टॅपेट कव्हरकडून येणारी नळी, आणि कार्बोरेटरच्या तळाचा जोड. बऱ्याच वेळा दोष एखाद्या तडकलेल्या नळीत सापडतो आणि काम पाच मिनिटांत संपतं.

व्हॅक्यूम गेज मिळत असेल तर लावून बघा. पुस्तकात चांगल्या इंजिनाचं आयडलिंगचं रीडिंग साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. आपलं नाशिक जवळपास ६०० मीटर उंचीवर आहे आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. म्हणजे इथे १५ ते १९ च्या दरम्यान काटा स्थिर असेल तर इंजिन ठणठणीत समजा. काटा ठरावीक आकड्याला थांबतोय की थरथरतोय, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

पाणी कमी होत असेल तर तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. या इंजिनात रेडिएटरचं पाणी मॅनिफोल्डमधूनही फिरतं, थंडीत मिश्रणाला ऊब मिळावी म्हणून. पाण्याची वाट आणि हवेची वाट यांच्यातलं पॅकिंग गेलं की पाणी थेट सिलिंडरमध्ये ओढलं जातं. माझे दोन प्लग तपकिरी होते आणि तिसरा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ. मात्र हेड गॅस्केट गेलं तरी प्लग असाच दिसतो. रेडिएटरचं झाकण उघडून थंड इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर काम हेडचं आहे आणि ते घरी करायचं नाही.

२. काय काय जमवायचं

- १०, १२ आणि १४ चे रिंग पाने व गोटी पाने, लांब एक्स्टेन्शन आणि वाकणारा जॉइंट
- टॉर्क पाना (भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणला तरी चालेल)
- फिलर गेज आणि खात्रीची सरळ स्टीलपट्टी
- प्लास्टिकची किंवा लाकडाची खरवडणी
- मॅनिफोल्डचं नवं पॅकिंग, कार्बोरेटरच्या तळाचं पॅकिंग, थर्मोस्टॅटच्या झाकणाचं पॅकिंग
- नवे होज क्लॅम्प, इथेनॉलला टिकणारी पेट्रोलची नळी
- कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर
- गंज सोडवणारा स्प्रे, उदाहरणार्थ डब्ल्यूडी-४०
- पाणी धरायला टब, नटांसाठी डब्या, चिंध्या, टॉर्च, लोहचुंबकाची काडी

पॅकिंग घ्यायला जाताना इंजिन कार्बोरेटरचं की एमपीएफआय आणि गाडी कुठल्या सालची, हे दुकानदाराला सांगा. नुसतं "मारुतीचं पॅकिंग द्या" म्हटलं की चुकीचं हातात पडतं. मी द्वारकाकडच्या दुकानातून पहिल्यांदा आणलेल्या पॅकिंगचं पाण्याचं भोक जुळत नव्हतं. मॅनिफोल्ड उघडून ठेवल्यावर ते कळलं आणि अख्खा दिवस गेला.

पेट्रोलच्या नळीबद्दल आणखी एक. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. नव्वदच्या दशकातलं रबर त्याला टिकत नाही, मऊ होतं आणि तडकतं. सगळं उघडलंच आहे तर त्या नळ्या बदलून टाका.

कागदपत्रांची काळजी नको. मॅनिफोल्डने इंजिन नंबर बदलत नाही, त्यामुळे आरटीओत काही नोंदवायचं नाही. पीयूसी मात्र काम झाल्यावर नव्याने करून घ्या, त्याचं शेवटी सांगतो.

३. थंड इंजिन, सुटी बॅटरी, बाहेर काढलेलं पाणी

रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी काम सुरू करा. गरम असताना अॅल्युमिनियमवरचे नट सोडले तर आटे निघून येतात, आणि पेट्रोल हाताळताना आजूबाजूला काही तापलेलं नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण एकदा उघडून लावा, आत साठलेला दाब निघून जातो.

रेडिएटरचं झाकण काढा आणि तळाचा ड्रेन प्लग उघडून पाणी टबात घ्या. ही पायरी गाळून मॅनिफोल्ड काढला तर तेच पाणी उघड्या पोर्टमधून सिलिंडरमध्ये उतरतं. निघालेलं कूलंट गटारात किंवा झाडाखाली ओतू नका. ते गोडसर लागतं, कुत्री आणि गाई चाटतात आणि मरतात. झाकण लागणाऱ्या डब्यात भरून ठेवा.

४. वरचं सगळं सोडा, पण आधी खुणा

मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा. फोटोवर विसंबून मात्र राहू नका, कारण दोन सारख्या काळ्या नळ्या फोटोत ओळखू येत नाहीत. प्रत्येक नळीला आणि ती जिथून काढली त्या तोटीला चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहा.

एअर क्लीनरचा डबा काढा. मग अॅक्सिलरेटरची तार, चोकची तार, व्हॅक्यूमच्या नळ्या, कार्बोरेटरला येणाऱ्या विजेच्या वायरी, पेट्रोलची येणारी आणि परत जाणारी नळी. पेट्रोलच्या नळ्यांच्या तोंडात लगेच बोल्ट घालून क्लॅम्प आवळा, नाहीतर पेट्रोल झिरपत राहतं. पाण्याच्या नळ्या वर्षानुवर्षं चिकटलेल्या असतात. ओढू नका, पक्कडीने पिरगाळून आधी फिरवा. तरीही सुटत नसेल तर नळी ब्लेडने लांबीत चिरून काढा. नवी नळी स्वस्त आहे, मॅनिफोल्डची तोटी मोडली तर पूर्ण मॅनिफोल्ड गेला.

कार्बोरेटर मॅनिफोल्डवरून वेगळा करायच्या फंदात आत्ता पडू नका. दोन्ही एकत्र उचलले तर हात घालायला सोपं जातं, टेबलावर ठेवून नंतर सुटं करता येतं.

५. नट सोडणं

आदल्या रात्रीच सगळ्या स्टडवर (हेडमधून बाहेर आलेल्या, नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांवर) गंजाचा स्प्रे मारून ठेवा. वरचे नट सहज दिसतात. खालचे हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत. आधी बोटाने चाचपून मोजा, आरसा धरून खात्री करा, मगच पाना लावा. बाहेरच्या टोकांकडून मधल्याकडे या, प्रत्येक नट आधी पाव फेरा सैल करा, मग पुन्हा पहिल्यापासून.

नटाबरोबर स्टडच फिरून बाहेर आला तर घाबरू नका. बसवताना त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून तो परत फिरवता येतो. स्टड तुटला तर मात्र तिथेच थांबा. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये हातातल्या ड्रिलने भोक पाडायला गेलात तर ड्रिल कडक स्टडवरून घसरून मऊ हेडमध्ये घुसतो.

सगळे नट निघाल्यावरही मॅनिफोल्ड हलत नसेल तर आधी एखादा नट राहिलाय का बघा. माझा राहिला होता, अगदी खालचा. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका, त्याचा ओरखडा म्हणजे पुढची गळती. लाकडी ठोकळा ठेवून हळू ठोका.

मॅनिफोल्ड बाहेर येताक्षणी हेडच्या तिन्ही पोर्टमध्ये चिंधी कोंबा. चिंध्या भडक रंगाच्या घ्या आणि मोजून घाला. एखादा वायसर आत पडला आणि लक्षात आलं नाही, तर तो व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जातो आणि इंजिन फुटतं.

६. फेस: इथे वेळ द्या

घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, इथे नको. गळती थांबते ती दोन सपाट, कोरड्या, स्वच्छ फेसमध्ये पॅकिंग एकसारखं दाबलं गेल्यामुळे. नट जास्त आवळून ती थांबत नाही, आणि सिलिकॉन थापूनही नाही. माझ्या मॅनिफोल्डवर आधी कुणीतरी लाल सिलिकॉनचा जाड थर दिला होता. त्याचा एक लोंबता तुकडा पोर्टच्या आत वाळून बसला होता, आणि खालची फट तशीच होती.

जुनं पॅकिंग नीट वाचा. जिथे दाब व्यवस्थित होता तिथे त्यावर पोर्टचा ठसा स्वच्छ उमटलेला असतो. माझ्या पॅकिंगवर पाण्याच्या भोकापासून तिसऱ्या पोर्टपर्यंत बोटभर लांबीचा करडा, ओलसर माग होता. मॅनिफोल्डवर त्याच जागी अॅल्युमिनियम वाळवी लागल्यासारखं खाल्लेलं, नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी हाताला. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातल्याचा तो परिणाम. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तोच आत पाण्याच्या वाटेत धरला होता.

खरवडायला प्लास्टिक किंवा लाकूडच वापरा. ग्राइंडरवरची तारेची चकती नको, ती अॅल्युमिनियममध्ये खड्डे पाडते आणि भुकटी पोर्टमध्ये उडवते. पॉलिश पेपर लावायचाच असेल तर तो सपाट काचेवर ठेवून मॅनिफोल्ड त्यावर फिरवा, बोटाने घासू नका. हेडच्या फेसवर पॉलिश पेपर अजिबात नको.

साफ झाल्यावर स्टीलपट्टी फेसवर उभी ठेवा, लांबीत आणि दोन्ही कर्णांत, आणि तिच्याखाली फिलर गेज सरकवून बघा. ०.१० मिमीची पात कुठेही आत जात असेल तर फेस वाकलेला आहे. माझ्याकडे टोकाला ०.१५ ची पात सहज गेली. हेडचा फेसही असाच तपासा. तो वाकलेला निघाला तर हेड उतरवावं लागेल.

७. फेसिंग, वेल्डिंग की दुसरा मॅनिफोल्ड

मॅनिफोल्ड नुसता वाकलेला असेल तर फेसिंग (मशीनवर फेस सपाट करणं) करून घ्या. सातपूर आणि अंबड एमआयडीसीत हे करणारी छोटी वर्कशॉप्स आहेत आणि या बाबतीत आपण नाशिककर नशीबवान आहोत. कार्बोरेटर, थर्मोस्टॅट, सगळे स्टड काढून सुटा मॅनिफोल्ड न्या आणि "फक्त साफ होईल इतकंच घ्या" असं स्पष्ट सांगा. जास्त घेतलं तर स्टडची भोकं आणि तारांच्या जागा जुळेनाशा होतात.

गंजाने खड्डा पडला असेल तर आर्गॉन वेल्डिंगने भरून मग फेसिंग करता येतं. सातपूरच्या ज्या मामांकडे मी गेलो त्यांनी मॅनिफोल्ड हातात घेऊन पाण्याच्या वाटेत टॉर्च मारला आणि म्हणाले, "दादा, वरून भरून देईन, पण आतून भिंत राहिलेली नाही. पैसे घालवू नका." ते खरं होतं. मग अंबडकडच्या एका भंगारवाल्याकडे त्याच पिढीच्या गाडीचा मॅनिफोल्ड मिळाला. जुना घेताना तीन गोष्टी बघा: पाण्याच्या तोट्या शाबूत, स्टडच्या भोकांत आटे जिवंत, आणि पाण्याच्या वाटेत पांढरी भुकटी नाही. मग त्याचाही फेस पट्टीने तपासा. पाण्याच्या वाटेचं एक तोंड बंद करून आत पाणी भरून तासभर ठेवा, केसासारखी चीर असली तर ती ओलावून दिसते.

८. बसवणं

आधी पॅकिंगशिवाय मॅनिफोल्ड स्टडवर सरकवून बघा. तो स्वतःच्या वजनाने हेडला सपाट टेकला पाहिजे. मग पॅकिंग लावून सगळी भोकं जुळतात का बघा. पोर्टमधल्या चिंध्या काढा आणि पुन्हा मोजा.

दोन्ही फेस थिनरने पुसून कोरडे करा. पॅकिंग कोरडंच बसवा. मॅनिफोल्ड सरकवा, सगळे नट हाताने शेवटपर्यंत फिरवा. हाताने फिरत नसलेला नट पान्याने रेटला की आटे गेले, म्हणून अडकला तर काढून पुन्हा लावा. आता मधल्या नटापासून बाहेरच्या टोकांकडे, आलटून पालटून आवळत जा, तीन फेऱ्यांमध्ये. १२ च्या पान्याचे हे ८ मिमीचे नट आहेत, त्यांना शेवटी २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर लहान पाना मनगटाच्या जोराने, कोपर न हलवता.

तारा जोडल्यावर कुणाला तरी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटल पूर्ण उघडून अलगद परत मिटतो ना हे डोळ्यांनी बघा. अडकलेला थ्रॉटल रस्त्यावर जीव घेऊ शकतो.

९. पाणी भरून सुरू करणं

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळून हळू भरा. हीटर गरमवर ठेवा म्हणजे त्याच्या नळ्यांतली हवाही निघेल. बॅटरी जोडा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी सुरू करा. पहिले काही सेकंद स्टार्टर जास्त फिरवावा लागेल, कार्बोरेटर रिकामा असतो. लगेच पेट्रोलच्या प्रत्येक जोडावर टॉर्च मारा. ओल दिसली की तिथेच बंद.

इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमधली पातळी अचानक खाली जाते. तेव्हा भर घाला, बुडबुडे थांबले की झाकण लावा. तापमानाचा काटा वर जात असेल तर आत हवा अडकली आहे. गाडी थंड होऊ द्या, गरम झाकण उघडू नका.

साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा करा. आता आवाज बदलायला नको. बहुतेक वेळा रेस एकदम चढलेली सापडेल, कारण आधीच्या गळतीवर उपाय म्हणून कुणीतरी आयडलिंगचा स्क्रू आवळून ठेवलेला असतो. तो सैल करून आयडलिंग हजाराच्या आत आणा.

१०. पहिले दोन आठवडे

घाटात जायची घाई नको. मी पहिले चार दिवस गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या पलीकडे गेलो नाही आणि रोज सकाळी थंड इंजिनावर पाण्याची पातळी बघितली. पहिल्या दिवशी किंचित उतरते, नंतर स्थिर राहिली पाहिजे. दीड-दोनशे किलोमीटर झाले की पुन्हा थंड इंजिनावर नट तपासा. नवं पॅकिंग दबतं, माझे दोन नट थोडे फिरले.

मग पीयूसीला जा. या वयाच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमच्या आत लागतं. पातळ मिश्रणामुळे मिसिंग होत असेल (मिश्रण मधूनमधून पेटतच नसेल) तर हायड्रोकार्बनचा आकडा वाढतो, म्हणून दुरुस्तीआधीचा कागद जपून ठेवला असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर कार्बोरेटरचा मिक्स्चर स्क्रू त्याच मशीनवर बघत लावून घ्या. तो आधी गळतीच्या हिशेबाने उघडलेला असतो.